एका जर्मन आजीचे स्मरण



येत्या तेवेत महिन्याच्या दहाव्या तिथीला, उपासाच्या दिवशी, आपल्या सिनेगॉगमध्ये दिवंगतांच्या नावांबरोबर आणखी दोन नावे वाचली जावीत, अशी विनंती मी समितीला केली आहे. ही नावे जर्मनीतील एका पतिपत्नीची आहेत. समितीतील एका ज्येष्ठ सभासदांनी मला अगदी सौम्य शब्दांत विचारले, "बाई, आपली यादी आपल्या माणसांची. ही माणसे आपली कोण?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर दोन वाक्यांत मावणारे नाही, म्हणून मी आजचा हा वेळ मागून घेतला. उत्तर मी त्या दोघांच्या मुलीच्या आयुष्यातून देणार आहे. ती आमच्या जावयाची आजी. जर्मन भाषेत आजीला 'ओमा' म्हणतात. आमच्या घरातही लहानथोर सर्वजण तिला त्याच नावाने हाक मारीत.

१९९९ साली माझ्या मुलीचा विवाह झाला, तेव्हा ओमा पंचाऐंशी वर्षांच्या होत्या. मेंदीच्या रात्री आमच्याकडील बायका गाणी म्हणत होत्या. ओमा नाहारियाहून येऊन ताठ पाठीने खुर्चीवर बसल्या होत्या. कार्यक्रम सातला सुरू होईल असे आम्ही कळविले होते. त्या पावणेसातला हजर होत्या आणि आमचे पहिले पाहुणे साडेआठला आले! मधला पावणेदोन तासांचा काळ त्यांनी माझ्या सासूबाईंना करंज्यांची ताटे लावू लागण्यात घालविला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी त्या दिवसापासून दोघींचे गूळपीठ जमले ते शेवटपर्यंत टिकले.

हिब्रू भाषेत लहानथोर सर्वांना एकच संबोधन. ओमांना ते साठ वर्षांनंतरही रुचत नसे. शेजारच्या जर्मन बाईंशी त्यांचा चाळीस वर्षांचा घरोबा, पण दोघी एकमेकींना आदरार्थीच बोलावीत. आमच्या मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' अशा तीन पायऱ्या आहेत, हे मी सांगितले तेव्हा त्या प्रसन्न झाल्या आणि म्हणाल्या, "मग तुमचे लोक सुधारलेले आहेत." त्यांच्या तोंडून आपल्या समाजाला मिळालेले ते पहिले प्रशस्तिपत्र होय.

पुढे २००३ साली त्या घरात पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर त्यांना घरी आणले. मी परिचारिका असल्यामुळे रात्रीची जबाबदारी आपसूकच माझ्याकडे आली. सुमारे पाच आठवडे मी त्यांच्याजवळ झोपत होते. वृद्ध रुग्णाला रात्री झोप येत नाही आणि अंधारात जुन्या गोष्टी जवळ येतात, हे आमच्या व्यवसायातील प्रत्येकीला ठाऊक असते. अशाच एका रात्री त्यांनी मला सहज विचारले, "तुझी आजी कोण होती?" प्रश्न विचारला आणि त्या एकदम थांबल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "क्षमा कर. हा प्रश्न मी कधी कुणाला विचारीत नाही."

मी म्हणाले, "ओमा, हा प्रश्न आम्हांलाही एकदा कागदावर आला होता." आणि मी त्यांना अलिबागची हकीकत सांगितली.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी हकीकत असेल. आमच्या घरची अशी की, १९६१ साली माझे आईवडील व थोरली बहीण इस्राएलला आले आणि मी शाळा पुरी करण्यासाठी अलिबागेस इस्राएल आळीत आजीपाशी राहिले. १९६३ च्या पावसाळ्यात वडिलांचे पत्र आले. बहिणीचे लग्न ठरले होते, परंतु नोंदणीच्या एका कचेरीने मुलीच्या आईचे, आजीचे, पणजीचे आणि जमेल तितके मागचे नाव लिहून आणावयास सांगितले होते. त्यांपैकी कुणाची काडीमोड झाली होती काय, कुणा विधवेचा पाट लागला होता काय, तेही कळवावयाचे होते. मी तेरा वर्षांची होते. आजीचे डोळे अधू झाल्यामुळे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. शाळेच्या वहीचे पान फाडून मी बसले आणि आजी ओटीवर बसून नावे सांगू लागली. तिची आई, आईची आई, तिची आई. पाचव्या नावापाशी ती अडखळली. मग समुद्राच्या दिशेने हात करून म्हणाली, "याच्या पुढचे नवगावच्या किनाऱ्याला विचार म्हणावे." आपले पूर्वज गलबत फुटून जिथे किनाऱ्याला लागले असे आपण मानतो, ते नवगाव आमच्या घरापासून फार दूर नव्हते.

पान लिहून झाल्यावर तिने ते माझ्याकडून वाचून घेतले. तिच्या डोळ्यांत पाणी आले नाही, रागाचा शब्दही आला नाही. ती एवढेच म्हणाली, "शनवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक आम्हांला शनवार तेली म्हणत. आम्ही कोण ते त्यांना न विचारता कळत होते." ते पान गावातील पंचांच्या दाखल्यासह इस्राएलला रवाना झाले. त्याची मी करून ठेवलेली नक्कल आजही माझ्यापाशी आहे.

त्या काळचा इतिहास तरुण मंडळींसाठी थोडक्यात सांगते. १९६२ साली मुख्य धर्मपीठाने विवाह-नोंदणी करणाऱ्या रब्बींसाठी सूचना काढल्या. बेने इस्राएल समाजातील व्यक्तीने समाजाबाहेर विवाह करावयाचा असल्यास तिच्या आईची, आजीची आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी व्हावी, असे त्यांत होते. आपण यहुदी आहोत की नाही, एवढाच तो वाद नव्हता. कोकणात शतकानुशतके रब्बी नसताना झालेले घटस्फोट व पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले होते काय, ही शंका त्यामागे होती. शंका घेणाऱ्यांना ती धर्माची बाब वाटली. ज्यांच्या आजीबद्दल ती घेतली गेली, त्यांना ती आजीची बाब वाटली. आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, उपोषणे केली. मुंबईतही निषेधाचे आवाज उठले. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत, असे स्पष्ट केले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सूचनांमधून आपल्या समाजाचे नाव गळले. माझ्या बहिणीचे लग्न त्या हिवाळ्यात लागले. ते पाहावयास आजी जिवंत होती, पण अलिबागेत होती.

ओमांनी सर्व ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, "आता माझा कागद ऐक."

त्यांचा जन्म १९१४ साली फ्रँकफर्ट शहरात झाला. माइन नदीकाठचे हे व्यापारी शहर. १९३३ च्या आरंभी तेथे तीस हजारांच्या आसपास यहुदी राहत होते. ओमांच्या वडिलांचे चामड्याच्या पिशव्या व पाकिटे विकण्याचे दुकान होते. दृष्टी अधू असल्यामुळे पहिल्या महायुद्धात वडील आघाडीवर गेले नाहीत, परंतु त्यांचा धाकटा भाऊ १९१६ साली व्हर्दूनच्या लढाईत जर्मनीसाठी पडला होता. शहरातील एका स्मारकावर त्याचे नाव होते. "ज्या देशाने माझ्या भावाचे नाव दगडात कोरले, तो देश मला घालवून देणार नाही," असे वडील म्हणत. हा भोळेपणा एकट्या त्यांचा नव्हता. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख यहुदी जर्मन सैन्यात होते आणि त्यांतील सुमारे बारा हजार मारले गेले. त्यांच्या घरच्यांना जर्मनी आपली वाटली, तर त्यात नवल नाही.

ओमांना डॉक्टर व्हावयाचे होते. १९३३ च्या वसंत ऋतूत त्यांच्या हाती शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र आले. हिटलर सत्तेवर येऊन दोन महिने झाले होते. १ एप्रिलला यहुदी दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला आणि त्यांच्या दुकानासमोर गणवेशातील तरुण उभे राहिले. २५ एप्रिलला शाळा व विद्यापीठांतील 'गर्दी' कमी करण्याचा म्हणून एक कायदा आला. त्याने नव्या प्रवेशांत यहुद्यांचे प्रमाण दीड टक्क्यापर्यंत खाली आणले. प्रमाणपत्रात उत्तम गुण होते, पण त्याला कोणी विचारले नाही. विचारले ते आजीआजोबांबद्दल.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. नाझी राज्य वंशाच्या गोष्टी बोलत असे, परंतु रक्त पाहून वंश ओळखण्याचे कोणतेही साधन त्यांच्यापाशी नव्हते. म्हणून कायदा आजीआजोबांना मोजू लागला. एप्रिल १९३३ च्या नियमानुसार चारांपैकी एक आजी किंवा आजोबा यहुदी असले तरी माणूस सरकारी नोकरीस अपात्र ठरे. १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्युरेंबर्ग येथे नागरिकत्वाचा नवा कायदा झाला आणि १४ नोव्हेंबरला त्याचे पहिले नियम निघाले. त्यांनुसार चारांपैकी तीन आजीआजोबा यहुदी असतील तर माणूस यहुदी. आणि ती आजी यहुदी होती हे ठरवावयाचे कशावरून? ती सिनेगॉगच्या मंडळीची सभासद होती यावरून. म्हणजे वंशाच्या त्या साऱ्या गर्जनेच्या तळाशी पुरावा होता तो प्रार्थनेला जाणाऱ्या एका म्हातारीच्या नावाचा. यहुदी नसलेले लक्षावधी जर्मनही त्या दिवसांत चर्चच्या नोंदवह्या धुंडाळून आपल्या आजीच्या बाप्तिस्म्याचे दाखले गोळा करीत होते. ओमा म्हणाल्या, "साऱ्या देशाने आपल्या आजीला पुराव्याच्या कागदात बदलून टाकले. माझी आजी आम्हांला शुक्रवारी भाकरीचा पहिला तुकडा मीठ लावून देई. मला तिचा तो हात आठवे. फॉर्मवर मात्र ती चारांपैकी एक होती."

डॉक्टर होण्याचा मार्ग बंद झाल्यावर त्या शेतीचे शिक्षण देणाऱ्या एका केंद्रात दाखल झाल्या. पॅलेस्टाइनला जाण्यासाठी तरुण यहुद्यांना तेथे तयार करीत. ब्रिटिश सरकारचा प्रवेश-परवाना मिळणे कठीण होते. ज्यांच्यापाशी एक हजार पौंड असतील त्यांना एक दार होते. मजुरांसाठी दुसरे दार होते, पण त्याला मर्यादा होती. एका परवान्यावर पतीबरोबर पत्नीला जाता येई, म्हणून त्या काळी अनेक विवाह घाईने झाले. ओमांचाही तसाच झाला. "परवाना एक होता आणि आम्ही दोघे होतो. प्रेम बोटीवर सुरू झाले," असे त्या हसून सांगत. १९३६ साली ट्रिएस्ट बंदरातून निघून ते हैफाला उतरले. १९३३ ते १९३९ या काळात जर्मनीतून सुमारे साठ हजार यहुदी या देशात आले. त्यांतील हे दोघे.

नाहारिया हे गाव तेव्हा नुकतेच वसत होते. जर्मनीहून आलेल्या कुटुंबांनी १९३४-३५ च्या सुमारास गातोन ओढ्याच्या काठी जमिनी घेतल्या होत्या. वकील कोंबड्या पाळीत होते, प्राध्यापक काकड्या लावीत होते. सामान ज्या प्रचंड लाकडी खोक्यांतून आले, त्याच खोक्यांचे गोठे, गोदामे आणि प्रसंगी घरे झाली. शेतीत पोट भरत नाही असे दिसताच गावाने पर्यटकांसाठी खानावळी व खोल्या उघडल्या. ओमा अशाच एका पाहुणघरात चादरी धूत. या लोकांना इतर यहुदी 'येक्के' म्हणून चिडवीत. हिब्रू येत नाही, कडक उन्हातही कोट काढत नाहीत, वेळेच्या बाबतीत हट्टी आहेत, अशी त्यांची थट्टा होई. पुढे फाळणीची चर्चा सुरू झाली तेव्हा, 'देश कुणाकडेही जावो, नाहारिया जर्मनच राहील,' असा विनोद देशभर फिरत होता. आपल्या लोकांच्या उच्चाराची, रंगाची आणि जेवणाची थट्टा ज्यांनी सोसली आहे, त्यांना ही कथा परकी वाटू नये.

आता त्या दोन नावांकडे येते. ओमांचे आईवडील मागेच राहिले होते. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग जाळले गेले आणि सुमारे तीस हजार पुरुषांना छावण्यांत नेले गेले. ओमांचे वडील त्यांत होते. फ्रँकफर्टच्या इतर अनेक पुरुषांप्रमाणे त्यांना बुखेनवाल्डला नेले आणि काही आठवड्यांनी सोडले. त्यानंतर त्यांनी भावाच्या नावाचा उल्लेख पत्रात कधी केला नाही. आता ते यावयास तयार होते, परंतु दारे मिटत चालली होती. मे १९३९ च्या श्वेतपत्रिकेने पॅलेस्टाइनला येणाऱ्या यहुद्यांची संख्या पाच वर्षांसाठी पंचाहत्तर हजारांवर रोखली. ओमा हैफाच्या कचेऱ्यांत फेऱ्या घालीत राहिल्या. सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झाले.

त्या दिवसांतील एक पाकीट ओमांनी मला दाखविले. पाठीमागे त्यांच्या आईचे नाव होते आणि त्यात 'सारा' हा शब्द घुसविलेला होता. १७ ऑगस्ट १९३८ च्या आदेशाने, जिचे नाव सरकारी यादीतील यहुदी नावांपैकी नसेल अशा प्रत्येक यहुदी स्त्रीला जानेवारी १९३९ पासून 'सारा' आणि तशा प्रत्येक पुरुषाला 'इस्राएल' हे जादा नाव लावणे सक्तीचे झाले होते. आपण आपल्या लेकींची नावे हौसेने सारा ठेवतो. आपण स्वतःला इस्राएलची लेकरे म्हणवतो. ती नावे त्यांनी गुरांना डाग द्यावा तशी माणसांना दिली. ओमा पाकिटावर बोट ठेवून म्हणाल्या, "आईचे नाव मधोमध तोडलेले पाहिले, तेव्हा मला कळले की ते तिला जगू देणार नाहीत."

युद्धात पत्रे बंद झाली. रेडक्रॉसमार्फत पंचवीस शब्दांचा निरोप पाठविता येई, तेवढाच आधार उरला. १९ ऑक्टोबर १९४१ रोजी, रविवारी सकाळी, फ्रँकफर्टमधील यहुदी कुटुंबांच्या दारांवर थापा पडल्या. सुमारे अकराशे माणसांना शहरातून चालवीत घाऊक भाजीबाजाराच्या इमारतीत नेले आणि तेथील तळघरात कोंडले. मग आगगाडीने पोलंडमधील लोड्झच्या कोंडवाड्यात रवाना केले. फ्रँकफर्टहून निघालेली ती पहिली मोठी गाडी. ओमांचे आईवडील त्या गाडीत होते. पुढच्या वसंतात, मे १९४२ मध्ये, पश्चिमेकडून लोड्झला आणलेल्या हजारो लोकांना हेल्म्नो येथील मृत्युछावणीत नेऊन ठार केले गेले. ओमांचे आईवडील त्यांत होते, की त्याआधीच भुकेने गेले, हे कोणत्याही कागदावर नाही.

हे सांगून झाल्यावर ओमा बराच वेळ गप्प होत्या. मी त्यांचे पाणी बदलले, उशी नीट केली. परिचारिकेला अशा वेळी तेवढेच करता येते. मग मी एक चूक केली. मी म्हणाले, "म्हणजे तुमच्यासारखेच आमचेही झाले." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "नाही," त्या म्हणाल्या, "असे म्हणू नकोस. तिथे आजी यहुदी निघाली की माणूस मरणाच्या यादीत जाई. इथे तुमच्याबद्दल शंका घेतली गेली आणि तुम्ही रस्त्यावर बसून ती परतवू शकलात. तुमची माणसे उपोषणाला बसली आणि संसदेने ऐकले. माझा बाप कुणासमोर उपोषणाला बसणार होता? हा फरक पुसू नकोस. तो पुसलास तर माझ्या आईवडिलांचे मरण लहान होईल आणि तुमचा विजयही लहान होईल." थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, "एक गोष्ट मात्र सारखी आहे. खिडकीपलीकडच्या माणसाला आपल्या आजीचे नाव पुराव्यासाठी सांगताना घसा कोरडा पडतो. तुझ्या बहिणीचा पडला असेल. माझाही पडला होता."

मी इतिहासाची विद्यार्थिनी नव्हे, माझ्यापाशी नर्सिंगची पदविका तेवढी आहे. तरी दोन समाजांची दुःखे शेजारी कशी ठेवावीत आणि एकमेकांत कशी मिसळू नयेत, याचा याहून चांगला धडा मी कोठे ऐकलेला नाही.

ओमांचे पुढील आयुष्य वरवर साधे होते. १९४८ साली नाहारियाला जाणारा रस्ता तुटला आणि गावाला काही काळ समुद्रमार्गे रसद येत होती, तेव्हा त्या दोन लहान मुलांना घेऊन तेथेच राहिल्या. नंतर त्यांना कुपत होलीमच्या दवाखान्यात काम मिळाले. डॉक्टर व्हावयास निघालेली मुलगी दवाखान्यात पोचली ती फरशी पुसण्यासाठी. दोन वर्षांनी त्या रुग्णनोंदणीच्या टेबलावर बसू लागल्या आणि सत्तावीस वर्षे तेथेच राहिल्या. त्या काळात रुमानिया, मोरोक्को, इराक, येमेन अशा देशांतून माणसे येत होती. निरनिराळ्या भाषा, नीट न लागणारी नावे, जन्मतारखांचा पत्ता नाही. ओमांनी स्वतःपुरता एक नियम केला होता. टेबलासमोर येणाऱ्याला त्या तीनच प्रश्न विचारीत. नाव काय, वय काय, कुठे दुखते? कुठून आलात, कुणाचे आहात, हे त्यांनी कधी विचारले नाही. "सांगावेसे वाटले तर माणसे आपण होऊन सांगतात," असे त्या म्हणत. त्यांचे हे तीन प्रश्न मी पुढे माझ्या वॉर्डातील शिकाऊ मुलींना शिकविले, पण ते कुणाचे हे तेव्हा सांगितले नाही. आज सांगते.

१९५० च्या दशकात पश्चिम जर्मनीने नुकसानभरपाईचे कायदे केले. त्यावरून या देशात किती संताप उसळला होता, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. ओमांनी बरीच वर्षे अर्ज केला नाही. कारण पुन्हा तोच फॉर्म, पुन्हा आईवडिलांची आणि आजीआजोबांची नावे. शेवटी पतीच्या आग्रहाने केला. उत्तरात आईवडिलांच्या मृत्यूची तारीख आली ती ८ मे १९४५. ज्यांच्या मरणाचा दिवस ठाऊक नाही, त्यांच्यासाठी जर्मन न्यायालये अनेकदा युद्धसमाप्तीचाच दिवस धरीत. ओमा म्हणाल्या, "हिशेबाला तारीख लागते, म्हणून त्यांनी दिली. पण त्या दिवशी मी मेणबत्ती कशी लावू? त्या दिवशी माझी आई मेली नाही. त्या दिवशी तर लोक नाचत होते."

ज्यांच्या मृत्यूची तिथी माहीत नाही, अशा लोकांसाठी कद्दिश म्हणण्याचा दिवस म्हणून इस्राएलच्या धर्मपीठाने तेवेत महिन्याची दहावी तिथी नेमून दिली आहे. नबुखद्नेस्सराने जेरुसलेमला वेढा घातला, त्या दिवसाचा हा उपास. ओमा दरवर्षी त्या संध्याकाळी दोन मेणबत्त्या लावीत. २००९ साली त्या वारल्या. त्यानंतर दोन वर्षे त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या व्याह्यांनी, कद्दिश म्हटला. तेही आता नाहीत. आमचा जावई आपल्या सिनेगॉगमध्ये येतो, आपल्या चालीवर प्रार्थना म्हणतो, मलिद्याच्या ताटाभोवती बसतो. त्याला दुसरे सिनेगॉग उरलेले नाही. म्हणून ती दोन नावे आपल्या दाराशी आली आहेत.

फ्रँकफर्टमध्ये जुन्या यहुदी कब्रस्तानाच्या भिंतीवर १९९६ पासून एक स्मारक आहे. तेथून नेलेल्या अकरा हजारांहून अधिक माणसांसाठी भिंतीत एकेक लहानसा धातूचा ठोकळा बसविला आहे आणि प्रत्येकावर एक नाव आहे. जाणारे येणारे त्या ठोकळ्यांवर खडे ठेवतात. माझी मुलगी व जावई तेथे जाऊन आले आणि नाहारियाच्या किनाऱ्यावरचे दोन खडे ठेवून आले. ओमा स्वतः कधी गेल्या नाहीत. "भिंतीने नाव जपले हे चांगले झाले," त्या म्हणाल्या होत्या, "पण भिंतीला नाव उच्चारता येत नाही."

शेवटी एक ताजी गोष्ट. माझी धाकटी नात बारा वर्षांची आहे. ओमांना तिने पाहिलेले नाही. इस्राएलमधील शाळांत या वयाच्या मुलांना आपल्या घराण्याची मुळे शोधून वही करावयास सांगतात. गेल्या महिन्यात ती वही घेऊन माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "आजी, तुझ्या आजीचे नाव काय होते? आणि तिच्या आजीचे?" एक क्षणभर माझा घसा कोरडा पडला. मग मी तिच्याकडे पाहिले. तिच्या हातात रंगीत पेन्सिली होत्या. तिला पुरावा नको होता, तिला गोष्ट हवी होती.

मी अलिबागेचे ते वहीचे पान काढून तिच्यासमोर ठेवले. तिच्या आईने नाहारियाचे पाकीट काढले. नातीने एका पानावर पाच मराठी नावे लिहिली आणि समोरच्या पानावर जर्मन नावे लिहिली. ओमांच्या आईचे नाव लिहिताना मधला 'सारा' तिने गाळला. तसे करावयास तिला कुणी सांगितले नव्हते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "ते तिचे नाव नव्हतेच ना?"

ज्येष्ठ सभासदांनी विचारले होते, ही माणसे आपली कोण? त्याचे उत्तर त्या वहीच्या दोन समोरासमोरच्या पानांत आहे. ते आपल्या लेकरांचे खापरपणजोबा आणि खापरपणजी आहेत. एका राज्याने त्यांना आपले म्हणण्यास नकार दिला, एवढ्यासाठी ते मेले. आपल्यालाही एकदा दाराशी थांबवून 'तुमची आजी कोण?' असे विचारले गेले होते. तो प्रश्न ज्यांनी सोसला, त्यांनी तो दुसऱ्यांच्या मृतांना विचारू नये, एवढेच माझे मागणे आहे.

दोन नावे एका चिठ्ठीवर मराठी व हिब्रू अशा दोन्ही लिप्यांत लिहून मी हजानसाहेबांकडे दिली आहेत. ती फार लांब नाहीत. वाचावयास अर्धे मिनिटही लागणार नाही.